शिशाचं घराणं

अब्बा, आज तुमच्याशी मराठीतच बोलते. घरात आपली दखनी, पण आपल्या फाशांच्या खेळाची वही मी मराठीत लिहिली होती, आणि ती वही उघडली की तुम्हीही गिऱ्हाइकांशी बोलायचात ती मराठी बोलू लागायचात. मला तुमचा आवाज अजून त्याच भाषेत ऐकू येतो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी गेवराईच्या एका शाळेत शिकवते, मराठीच. तुम्ही हसला असतात.

मांजरसुंब्याच्या फाट्यावरचं आपलं पत्र्याचं दुकान मला अजून वासासकट आठवतं. घाट चढून आलेले ट्रक दारात वाफ सोडत थांबायचे. तुम्ही आणि चाचा मिळून रेडिएटर उतरवायचात, हौदात बुडवायचात आणि पाण्यातून बुडबुडे कुठून येतात ते बघायचात. मग नवसागराचा पांढरा धूर, गॅसच्या बत्तीचा सूं सूं आवाज, आणि तांब्या-पितळेच्या जाळीवर भोक बुजवणाऱ्या डाखाचा चकचकीत थेंब पसरत जायचा. शुक्रवारी नमाजनंतर चाचा घरी जायचे. दुकान अर्धं उघडं असायचं. मी मागच्या घरातून डबा घेऊन यायची आणि आपण दोघं खेळायला बसायचो.

पुण्यात शिकणाऱ्या मामेभावानं मला झेरॉक्स केलेलं एक पुस्तक आणि निरनिराळ्या कोनांचे सात फासे दिले होते. एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं त्या गोष्टीतलं माणूस व्हायचं, आणि वार लागला की चुकला ते फाशानं ठरवायचं. मैत्रिणींना त्यात काही गंमत वाटली नाही, म्हणून मी तुम्हाला धरलं. तुम्ही एक म्हातारा लोहार झालात. लढाई आली की तुम्ही आधी शत्रूला चहा विचारायचात. मी चिडायची. पंधरा वर्षांची होते, मला नियमानं खेळायचं होतं. आणि त्या झेरॉक्समधून नेमकी ड्रॅगनांच्या घराण्यांची पानं गळाली होती. वर नुसतं शीर्षक, खाली एकदम पुढचा धडा. मला रडू आलं.

"कावून रडतीस?" तुम्ही म्हणालात. "आपन बनवू. अजदहे कुनी पाह्यलेत का? मानसाची घरानी असत्यात, तशी त्यांची बी असतील."

आणि तुम्ही हातातल्या कामाकडं बघत घराणी सांगायला लागलात. तांब्याचे अजदहे, म्हणजे ड्रॅगन, लगेच तापतात आणि लगेच निवतात, पाण्याकाठी राहतात, म्हातारपणी हिरवे पडतात. पितळेचे गोडबोले, आरशासारखे, त्यांच्या अंगात आपलंच तोंड दिसतं म्हणून माणूस फसतो. लोखंडाचे पावसाळाभर झोपतात, उठतात तेव्हा अंगावर गंज असतो. कथलाच्या घराण्याचं सांगताना तुम्ही कथलाची एक कांडी माझ्या कानाशी धरून वाकवलीत. ती चिरकली. जिवंत काहीतरी चिरकावं तशी. "बघ," तुम्ही म्हणालात, "हे दुखलं की सांगतंय. ह्याला भ्यायचं न्हाई."

मी लिहीत होते. विचारलं, "आणि शिसं?"

तुम्ही हातातली कांडी खाली ठेवलीत. बाहेर एक ट्रक गिअर बदलत गेला. मग म्हणालात, "शिशाचं घरानं लई मऊ. आवाज न्हाई. आग न्हाई. त्यो फुत्कार टाकतो ते कळतच न्हाई. तोंडात जरा गोड लागतं, बास. मानसाला वाटतं, आपन वाचलो. मग महिन्यांनी पोटात पीळ पडायला लागतात, बेंबीपाशी, कुनी आतून कपडा पिळावा तसे. भूक जाते. रंग जातो. नावं आठवत न्हाईत. हिरड्यावर पेन्सिलीनं वढावी तशी निळी रेघ येते. आन शेवटी उजवा हात मनगटातून लोंबतो. तलवार हाय, पन धरायला हात न्हाई."

तुम्ही हे माझ्याकडं न बघता, हौदाच्या पाण्याकडं बघून सांगितलंत. त्या पाण्यात तेव्हा काही बुडवलेलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला तो काटा फार आवडला. इतकी चांगली भीती पुस्तकात एकाही पानावर नव्हती. मी भराभर लिहून काढलं. कोणाला फुत्कार लागला ते गोष्ट सांगणाऱ्यानं मनात ठेवायचं, खेळणाऱ्याला सांगायचं नाही, असा नियमही केला.

"उतारा काय ह्याच्यावर?" तुम्ही विचारलंत.

"नाही उतारा," मी म्हटलं. "एक तरी असा पाहिजे ना, अब्बा. नाहीतर खेळात मजा नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात. "तू म्हनतीस तर न्हाई."

त्यानंतरच्या कुठल्याशा शुक्रवारी तुम्ही माझ्या हातावर चार छोटे ड्रॅगन ठेवलेत. तांब्याच्या तारेचा एक, पितळेच्या पत्र्याचा एक, एक खिळ्यांचा, एक कथलाचा. मी पाचवा मागितला. तिथंच डाखाची जाड कांडी पडली होती, निम्मं शिसंच ते, ती मी उचलली आणि म्हटलं, याचा करा. तुम्ही माझ्या मनगटावर अशी चापट मारलीत की कांडी उडून पडली. आयुष्यात तेवढा एकदाच तुम्ही माझ्यावर हात उचललात. "ठेव ते! साबनानं हात धू. दोनदा धू. त्याला घरात न्यायचं न्हाई." आणि मी हात धुऊन येते तर तुम्ही स्वतः, त्याच कांड्या हाताळलेल्या बोटांनी, भाकरीचा तुकडा मोडत होतात. मी फुरंगटून बसले होते. ते मी पाहिलं, पण काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काही असतं हे मला कुठं माहीत होतं?

पुढच्या वर्षी तुम्ही फासे डाव्या हातानं टाकू लागलात. मला वाटलं तुमची ती नवीन खोडी आहे. मग चाचांचं नाव विसरलात आणि हसण्यावारी नेलंत. मग बीडच्या दवाखान्यात किडन्या गेल्या म्हणून सांगितलं, बीपी म्हणाले, काय काम करता हे कुणी विचारलं नाही. अम्मी तुम्हाला भरवायची. तुमचा उजवा हात गोधडीवर पालथा पडलेला असायचा आणि मी तो रोज बघत होते. वही कपाटात होती. मी एकदाही दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही शाळेतले तिघं आणि सरकारी दवाखान्यात नव्यानं आलेल्या एक डॉक्टर मॅडम असे रविवारी दुपारी खेळतो. आता हे खेळ मिळतात, लोक ऑनलाइन मागवतात. मीच त्यांना म्हटलं, आमच्या घरची ड्रॅगनांची घराणी आहेत, माझ्या वडिलांनी केलेली. वही नेली. मॅडमनी तांबं वाचलं, पितळ वाचलं, हसल्या. शिशाच्या पानावर त्या थांबल्या. बोट ओळीखाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. बाकीचे फासे खुळखुळवत होते, त्यांना त्यांनी हातानंच थांबवलं.

"हा पेशंट कोण होता?" त्यांनी विचारलं.

"पेशंट नाही, ड्रॅगन आहे," मी म्हटलं.

"नाही हो बाई. ही केस आहे. पोट, उतरलेला रंग, हिरडीवरची रेघ, मनगट. अंगात शिसं साठलं की हेच होतं. तुमचे वडील काय करायचे?"

मी सांगितलं. तुम्ही गोष्ट सांगत नव्हतात. तुम्ही स्वतःचं अंग वाचून दाखवत होतात, आणि हाताचं अजून व्हायचं होतं ते धंद्यातल्या कुणाचं तरी पाहून ठेवलेलं सांगत होतात; मी लिहून घेत होते, आणि वर उतारा नाही असा नियमही मीच केला होता. "तेव्हा उपाय होता?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "होता. काम बंद करायचं आणि औषध. लवकर कळलं असतं तर." मग त्यांनीच विचारलं, "त्या दुकानात अजून कोणी आहे का?"

चाचा होते. पुढच्याच शुक्रवारी मी फाट्यावर उतरले. आता ॲल्युमिनियमचे रेडिएटर आलेत, तरी जुने ट्रॅक्टर, जुने जनरेटर त्यांच्याकडंच येतात. तोच हौद, तोच सूं सूं आवाज. मला बघून चाचा एवढे खूश झाले की तोंड भरून हसले, आणि मला त्यांच्या हिरड्या दिसल्या.

मी सगळं सांगितलं. ते बत्ती चालू ठेवूनच ऐकत होते. "डॉक्टर लोक काय बी म्हनत्यात, बेटा. चाळीस वर्सं करतोय. काय झालंय मला?" समोर चहा होता. मी विचारलं, तोंडाला चव कशी आहे? "चव? लई बेस. साखर सोडली मी, बिनसाखरेचाच पितो. गोडच लागतो." ते पुन्हा कामाला वाकले. मी वही दाखवली, त्यांनी चष्मा नाही म्हणून सांगितलं. मी मॅडमना फोन लावून देते म्हटलं, त्यांनी मान हलवली. माझ्याकडं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"चाचा," मी म्हटलं, "अब्बा स्वप्नात आले होते. म्हणाले, त्याला सांग, बास कर."

त्यांनी बत्तीची चावी फिरवली. आवाज थांबला तसं दुकान एकदम रिकामं झालं. ते तुमच्या बसायच्या जागेकडं वळले. "आनखी काय म्हनला?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

चाचांचं रक्त तपासलं. मॅडमनी आकडा दोनदा पाहिला आणि त्यांना त्याच दिवशी संभाजीनगरला पाठवलं. आता औषधं चालू आहेत, पोटातले पीळ थांबलेत. डाखाचं काम त्यांनी कायमचं सोडलं. हौद बुजवला. दुकानात आता नवे होस पाइप आणि फॅनबेल्ट विकतात आणि चहा कडू झाला म्हणून कुरकुरतात.

पण मी गेले की ते दर वेळी मला बाजूला घेतात आणि विचारतात, परत आला होता का? कसा दिसत होता? आणि मी सांगते. एकदा पांढरा कुर्ता सांगितला, एकदा दाढी काळीभोर. ते डोळे मिटून ऐकतात. अब्बा, खरं तुम्हालाच सांगते, त्यांना कधी सांगणार नाही. तुम्ही आला नव्हतात. एकोणीस वर्षांत माझ्या स्वप्नात तुम्ही एकदाही आला नाहीत.