एक नोव्हेंबरचा फलक

१५ ऑक्टो.
फलक: जागतिक हात धुवा दिन. पांढरी काठी दिन. ग्रामीण महिला दिन.
तिन्ही एकाच दिवशी. वाचनालयापुढं मारुतीनं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "मास्तर, म्हंजे आज बायकांनी हात धुवून काठी घ्यायची व्हय?" निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. रोज सकाळी सातला मी दिनविशेष लिहितो आणि बारा वर्षं ह्याचा चावटपणा ऐकतो. शाळेच्या फळ्यावर लिहीत होतो तेव्हा पोरं निदान गप वाचायची.
घरी येऊन चहा ठेवला. सुमनला जाऊन सात महिने झाले, हात अजून दोन कपांचंच पाणी घेतो. दुसरा कपही मीच प्यालो.

१८ ऑक्टो.
फलक: काही सापडलं न्हाय. "परिसर स्वच्छ ठेवा" लिहून आलो.
वनूला फोन केला. धारवाडला लागला, जावयानं उचलला. बसवराज भला माणूस, माझ्याशी मराठी जपून जपून बोलतो, सासऱ्याला तेवढं कानडीत "मावा" म्हणतो. "मावा, ती आंघोळीला गेलीय." जूनपासून माझी लेक आंघोळीतच आहे.
१ जूनला वाढदिवसाचा फोन केला होता, दरवर्षी करतो तसा. म्हणाली, "आप्पा, आज माझा वाढदिवस न्हाय. तुमाला म्हाईत हाय. आई हुती तवर चालवून घेतलं." आणि ठेवला.

१९ ऑक्टो.
काल अर्धंच लिहिलं. इथं तरी पुरं लिहावं.
वनूचा जन्म १ नोव्हेंबरचा. शाळेत घातली तेव्हा रजिस्टरात १ जून मीच लिहिला. त्या काळी आमच्या निम्म्या येळ्ळूर गावाचा वाढदिवस १ जूनच. आईबापाला तारीख सांगता यायची न्हाय, मास्तर १ जून ठोकून द्यायचा. मी किती पोरांना दिला त्याची गणती न्हाय. पण त्यांची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. हिची मला ठाऊक होती.
१ नोव्हेंबर म्हणजे आमचा काळा दिवस. भाषेवर राज्यं झाली, आम्ही मराठी माणसं कर्नाटकात राहिलो, तो दिवस. काळा सदरा, बेळगावात सायकल फेरी, आणि माझ्या घरात त्या दिवशी गोड न्हाय. अशा दिवशी पोरीला ओवाळायचं कसं? लोक काय म्हणतील? तेव्हा हे लई बरोबर वाटलेलं.

२३ ऑक्टो.
फडताळ आवरलं. खणांत अंथरायला सुमन जुनी कॅलेंडरं जपून ठेवायची. गठ्ठा निघाला. गॅस कधी लावला, दूधवाला कधी आला न्हाय, सगळं तिच्या बारीक अक्षरात. सहज नोव्हेंबरचं पान उलटलं. १ तारखेच्या चौकटीत कुंकवाचं बोट.
दुसरं काढलं. त्यातही. मग खाली बसून सगळी काढली. सगळ्यांत.
१ नोव्हेंबरला दुपारी ती वनूला घेऊन परड्यात जायची. मी विचारलं तर म्हणायची, "येणी घालतीया." एकदाही उठून बघितलं न्हाय मी.
जेवण केलं न्हाय.

२५ ऑक्टो.
फलक लिहिला. काय लिहिला आठवत न्हाय.

२८ ऑक्टो.
मारुती घरी आला. १ तारखेची तयारी. "फलक काळ्या चौकटीत, नेहमीसारका. आणि औंदा तुमी सायकल नको, टेम्पोत बसा."
म्हटलं, "त्यात वनूचा वाढदिवस लिहावा म्हणतोय." सगळं सांगितलं. रजिस्टर, कॅलेंडरं, सगळं.
म्हणाला, "घरात करा की. फलकावर कशाला?"
"घरात कोण हाय?"
तो चहा न घेता गेला. मला राग आला. त्याचा न्हाय आला. काळा दिवस मी सोडत न्हाय, त्यात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली आहेत. पण तो दिवस पाळायला पोरीचा दिवस कशाला घेतला मी? दोन्ही मावले नसते का एका तारखेत? हात धुणं आणि काठी मावतातच की.

३१ ऑक्टो.
वनूला फोन. उचलला न्हाय कुणीच.
मजकूर पाटीवर चार वेळा लिहून पुसला. एकतीस वर्षं मास्तरकी केली, चार ओळी जमेनात.

१ नोव्हें.
साडेसहालाच गेलो. फलक, जसा लिहिला तसा:
काळा दिवस. फेरीस सर्वांनी यावे.
ख्रिस्ती बांधवांचा सर्व संतांचा दिवस.
जागतिक वीगन दिन (दूधसुद्धा वर्ज्य).
वनिताचा जन्मदिवस. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. ती चूक तिच्या वडिलांची, म्हणजे फलक लिहिणाऱ्याची.
कर्नाटकाचा राज्योत्सव आजच, तो लिहिला न्हाय. आजवर कधी लिहिला न्हाय. बसवराजच्या गल्लीत आज लाल-पिवळे झेंडे असणार, नातू शाळेत गाणं म्हणत असणार. खडू जरा थांबला. तरी न्हाय लिहिला.
माणसं जमली, सगळी काळ्या कपड्यांत. वाचत होती. मारुती आला, त्यानं दोनदा वाचलं. "शेवटची वळ वाकडी आलीया, मास्तर." मग मोबाईल काढून फोटो घेतला आणि म्हणाला, "वनूचा नंबर सांगा."
टेम्पोत बसून बेळगावला जाऊन आलो. तीनला घरी. शिरा केला, आयुष्यात पहिल्यांदा. खाली लागला. ताटली घेऊन परड्यात बसलो, सुमन जिथं बसायची त्या दगडावर. काळा सदरा अंगात आणि शिरा हातात. वाईट लागत नव्हता.
फोन आला न्हाय.

२ नोव्हें.
सकाळी ओलं फडकं घेऊन फलक पुसायला गेलो. तिथंच फोन वाजला. वनू. स्वतः.
म्हणाली, "आप्पा, मी किती वाजता झाले?"
मी उभाच. म्हटलं, "मी फेरीत हुतो गं, बेळगावात. सांजच्याला आलो तवा तू झालेली."
"म्हंजे म्हाईत न्हाय."
"न्हाय."
"आईला म्हाईत हुतं."
"व्हय."
मी कधी सुमनला विचारलंच न्हाय. हे वनूला सांगितलं न्हाय, पण तिला कळलं असणार. तिनं फोन ठेवला न्हाय. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, नातू कानडीत काहीतरी मागत होता. मग म्हणाली, "बघा कुणाला म्हाईत हाय का," आणि ठेवला.
फडकं तसंच पिळून घरी आणलं. फलक पुसला न्हाय. बारा वर्षांत पहिल्यांदा कालची तारीख आज.
बाळंतपणात सुमनजवळ मारुतीची आई होती. म्हातारी अजून आहे, ऐकू कमी येतं. दहाला गेलो. अंगणात उन्हाला झोपली होती. सून म्हणाली, "आत्ता उठवू नगा मास्तर, रातभर डोळा न्हाय तिचा. चारला या."
तिला आठवेल का? चाळीसच्या वर वर्षं झाली. न आठवलं तर वनूला काय सांगू? अंदाजे वेळ सांगायची न्हाय, एवढं ठरवलंय.
पावणेचार. वही आणि पेन्सिल पिशवीत घातली. निघतो.