पिल्लाचं फडकं

४ मे १८३४, व्हॅन डिमेन्स लँड
पोचलो एकदाचे या जगाच्या टोकाच्या बेटावर. मी सांगते, सूनबाई टॅमसिन लिहिते. मला अक्षर येत नाही, पण देवाने तोंड भरपूर दिलंय. माझा लेक जेबेझ इथे देवमाशांवर भाला टाकतो. किनाऱ्यावर चरबीच्या कढया उकळतात. वास असा, की मी विचारलं, इथली माणसं नाक घरी ठेवून येतात काय. मुकादम पास्को हसला, म्हणाला, आजीबाई कामाच्या आहेत. सुई ओवता येत नसली तरी लांबचं मला लख्ख दिसतं. म्हणून टेकडीवर टेहळणीला बसवलं. देवमासा दिसला की निशाण चढवायचं. बरोबर पिल्लू असलं तर निशाणाखाली लाल फडकं बांधायचं.

१९ मे
फडकं कशाला, ते आज कळलं. आधी पिल्लाला भाला मारतात, पण जीव घेत नाहीत. दोरावर जिवंत धरून ठेवतात. आई त्याला सोडून जात नाही, मग आयती हाती लागते. भाला जेबेझनेच टाकला. मी तोंड फिरवलं. तरी मटण दोनदा वाढून घेतलं, हेही लिही.

२ जून
आज आणखी एक जोडी. नुसतं निशाण चढवता आलं असतं. हात सवयीने फडक्याकडे गेला. पिल्लू दोरावरच मेलं, आई निसटली.

९ जून
ती पिल्लाची आई निसटली नाही. टेकडीखाली पाण्यात उभी आहे. होड्या तिच्या अंगावरून जातात, कोणाला दिसत नाही. टॅमसिन म्हणते, सासूबाई, उन्हाची तिरीप असेल. तिरीप अशी टक लावून बघत नाही.

१४ जून
जेबेझला म्हटलं, उद्या जाऊ नको. तो म्हणाला, "आई, फडकं तूच बांधतेस आणि आता रडतेसही तूच?"


१५ जून, दुपार
होडी उलटली. पाच जण पोहून आले. जेबेझ तिथेच — पायात भाल्याचा दोर — बुडत नाही, सुटत नाही. सोडवायला होडी घेऊन गेले की आत ओढला जातो. होडी परतली की पुन्हा किनाऱ्याजवळ —

ती मारत नाहीये त्याला. धरून ठेवलंय.

टॅमसिनला वही घेऊन इथेच किनाऱ्यावर बोलावलं. कोणीतरी लिहून ठेवायला हवं, फडकं मी बांधलं. पास्को ओरडतोय, पाण्यात उतरू नका. त्याला काय कळतंय, बोलावणं मला आहे —

रडू नको गं, अक्षर बिघडतं. तू मागेच राहा — गुडघ्यापर्यंत आलं — "आई" म्हणतोय, ऐकू येतंय ना — अजून दोनच पावलं, मग हात —