लेआग्रोसची रिकामी समाधी

थार्गेलिओन महिना, दिवस ३. पहाट.
ठक, ठकठक. ठक, ठकठक. गुरुजींच्या काठीच्या आवाजाने जाग आली. गुरुजी जाऊन पन्नास वर्षं झाली, काठी अजून कानात वृत्त मोजते. एक दीर्घ, दोन लघू. आम्ही पोरं तालावर पाय आपटायचो. एकट्या लेआग्रोसचा पाय उशिरा पडायचा. गुरुजी म्हणत, हा कवितेत बुडणार. तो बुडाला समुद्रात. सोनेरी लोकर आणायला निघालेल्या जहाजावर वल्हं मारायला गेला आणि आदळणाऱ्या खडकांमध्ये सर्पाशी झुंजताना संपला. (सर्प मी काव्यात घातला. पण परत आला नाही, म्हणजे संपलाच.)
त्याच्या उत्सवाला सात दिवस. यंदा चाळिसावं वर्ष. काळा मेंढा कापतील, समाधीच्या भोकातून रक्त आत सोडतील, मग माझं काव्य. पुजारी थ्रासिप्पोसने शब्द दिलाय, दगडावर यंदा माझंही नाव कोरायचं : 'आणि त्याचा जिवलग मेलान्थोस'.
संकल्प : रोज दहा नव्या ओळी. घशासाठी मध.

संध्याकाळ.
ओळी शून्य. मध संपला.

दिवस ४.
लेम्नोस बेटाकडून आलेल्या होडीतून एक म्हातारा उतरला. टक्कल, सुटलेलं पोट. म्हणे, मी लेआग्रोस. उत्सव आला की असले तोतये यायचेच. दुर्लक्ष.

दिवस ५.
तोतया दारात. म्हणाला, "मेलान्थ्या, काय रे हे, पार वाळलास की." माझ्या पाठीवरचा डाग कुठे आहे ते सांगितलं. गुरुजींच्या चपलेत पिकलं अंजीर कुणी ठेवलं तेही. चौकशी केली की कुणालाही कळतं.
परीक्षा म्हणून त्याच्याच मरणाच्या वीस ओळी म्हटल्या. खरा लेआग्रोस रडला असता. हा पायाने ताल धरून बसला, तोही उशिरा, आणि खायला काही आहे का विचारलं. या किनाऱ्यावर बेताल माणसं पुष्कळ.
सर्पाचं विचारलं तर हसत सुटला. म्हणे जहाज लेम्नोसला लागलं. तिथल्या बायकांनी आपले नवरे मारून टाकलेले, जागा रिकामी होती. त्यांनी जेवायला बोलावलं. जहाज सुटलं तेव्हा हा दुसऱ्यांदा वाढून घेत होता. मग चाळीस वर्षं मेंढ्या. आता बायको गेली. म्हणाला, "म्हटलं, तुझ्याकडे जावं."
दार लावून घेतलं.
मी याच्या मरणाशी चाळीस वर्षं इमान राखलं. याला स्वतःला ते जमलं नाही.

दिवस ७.
गावाने ओळखला. पण नियम आहे : ज्याचे दिवस केले, तो परत आला तरी मेलेलाच. देवळात पाय टाकायचा नाही, कुणाच्या चुलीपाशी बसायचं नाही. सुटायचं तर पुन्हा जन्म घ्यायचा. सुईणीने न्हाऊ घालून दुपट्यात गुंडाळायचं, बोटाने दूध चाटवायचं. सुईण निकारेते तयारच बसलीय.
मी पुजाऱ्याला म्हटलं, या वयात कशाला त्याला जन्माचा त्रास. उत्सवापर्यंत मेलेला राहू दे. पुजारी म्हणाला, बघतो. भला माणूस.
लेआग्रोसलाही गाठलं. तो स्वतःच्या समाधीला टेकून नैवेद्याची पोळी खात होता. म्हणाला, "चाळीस वर्षं मेलोय, अजून तीन दिवसांनी काय बिघडतंय? पण पोळ्या जरा जास्त ठेवायला सांग."
प्रश्न मिटला. उद्यापासून रोज वीस ओळी.

दिवस ९.
दगा. पुजाऱ्याने उत्सव रद्द केला. म्हणे खाणाऱ्या-पिणाऱ्या माणसाला मेंढ्याचं रक्त कसं पाजायचं? समाधीचा दगड धुणं धुवायला ओढ्यावर जाणार. मी माझ्या नावाचं काढलं. पुजारी म्हणाला, "कोरू की, आजोबा. पण मग तुम्हाला मरावं लागेल." विचार करून सांगतो म्हटलं.
संकल्प : लेआग्रोसचं तोंड बघायचं नाही. पुजाऱ्याचंही नाही. निकारेतेचंही नाही. यापुढे एकट्या सर्पावर लिहायचं. सर्प तरी परत यायचा नाही.

दिवस १०. सकाळ.
समाधीपाशी जाऊन सगळं काव्य म्हटलं. चारशे ओळी. ऐकायला तीन शेळ्या. त्यातली एक मध्येच उठून गेली.

दुपार.
दार वाजलं. पुजारी माफी मागायला आला असणार म्हणून लगेच उघडलं नाही. उघडलं तर निकारेते. तिच्या खांद्याला टेकून, पांढऱ्या दुपट्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेला लेआग्रोस. हनुवटीवर दूध. न्हाऊन लाल झालेला. नुकता जन्मलाय म्हणून बोलत नाही.
निकारेते म्हणाली, बाळंतपण सुखरूप झालं. आता कुणीतरी बाप म्हणून बाळाला उचलून चुलीभोवती फिरवून नाव ठेवायचं. नाही तर नियमाने बाळ उघड्यावर सोडतात.
मी म्हटलं, माझी कंबर धरलीय.
ती म्हणाली, "चाळीस वर्षं गाव तुमच्या तोंडून 'माझा भाऊ, माझा प्राण' ऐकतंय. घ्या की आता प्राण आत. गारठलाय."
दोघं अजून दारातच आहेत. हा पाण्यातून काढलेल्या मांजरासारखा माझ्याकडे बघतोय.
उचलणं काही व्हायचं नाही. हाताला धरून फिरवलं तर चालेल का, विचारून येतो.