हिराबाईंचा धुण्याचा दगड

सोम. ३ फेब्रु.
वाघोलीच्या पुढे, नव्या रस्त्याचा पट्टा. पायी पाहणीचा शेवटचा दिवस. पट्ट्यात जुनं काय येतं ते बघून लिहायचं, एवढंच आमचं काम. रस्ता कुठून न्यायचा ते ठरवणारे वेगळे. नेहा फोटो काढते, मी तक्ता भरते. एक समाधी, एक पडकी कमान, शेवटी ओढ्याकाठची दगडी विहीर. शेजारी धुण्याचा लांबलचक दगड. त्यावर बसून डबा खाल्ला. मेथीचे पराठे, लिंबाचं लोणचं, पाठीवर ऊन. छान. तक्त्यात: "क्र. १४. विहीर व धुण्याचा दगड. महत्त्व: नाही."

शुक्र. ७
अहवाल गेला, तोही मुदतीआधी. सुधीर: "आता चार दिवस तरी घरात नवरा आहे असं वाग." संध्याकाळी पेठेतनं चालत जाऊन त्याच्यासाठी खरवस आणला. निम्मा मीच संपवला. स्वतःवर खूश.

मंगळ. ११
सकाळीच नेहाचा फोन. "मॅम, सो सॉरी, विहिरीच्या फोटोत मापाची स्केलच ठेवली नव्हती. परत जावं लागेल." चिडले. गेले.

विहिरीवर एक म्हातारी धुणं घेऊन आलेली. हिराबाई. शेत, विहीर त्यांचंच. साबण काढण्याआधी त्यांनी दगडाच्या कडेला मातीत हळदकुंकू वाहिलं. विचारलं, हे कुणाला?

"खालच्या बाप्याला."

"खाली कोण आहे?"

"ढाल-तलवारवाला हाय. उनापावसानं त्वांड झिजाय लागलं, म्हून आजेसासऱ्यांनी पालथा घातला त्येला."

म्हणजे वीरगळ. लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी नावानं उभा केलेला दगड. आणि मी त्यावर बसून पराठे. तीस वर्षं मुलांना शिकवतेय, दगड चारी बाजूंनी बघा. ही बाजू जमिनीत होती, हे खरं. पण विहिरीच्या मालकिणीला दोन शब्द विचारायचे तर होते. अहवालात माझी सही आहे. माझ्या "नाही"वर विसंबून ते विहिरीसकट सगळं बुजवतील.

घरी येऊन सुधीरला सांगितलं. त्यानं चहा केला.

गुरु. १३
दगड उलटला. हिराबाईंच्या मुलानं चार गडी, पहारी, दोर आणले. हिराबाईंची अट एकच, बघून झालं की परत पालथा.

खाली गाई, मध्ये लढाई, वर सूर्य-चंद्र. चेहरा शाबूत. नाक, मिशी, कानातली बाळी सुद्धा. इतका धड वीरगळ या भागात मी पाहिला नव्हता. उभा असता तर आत्तापर्यंत गुळगुळीत झाला असता. आजेसासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

नेहा कॅमेरा खाली घेऊन जवळ वाकली. मग हळूच: "मॅम, किती यंग आहे हा."

हिराबाई पदरानं त्याच्या तोंडावरची माती पुसत होत्या. "लगीन झाल्यापासनं हळदकुंकू वाहतीया. पर म्या बी आजच बघितला." मला रडू आलं. लपवलं नाही.

शुक्र. १४
रस्त्याच्या साहेबांकडे. माणूस वाईट नाही. "मॅडम, तुमच्याच सहीनं लिहिलंय, महत्त्व नाही. आठवड्यात महत्त्व आलं?"

म्हटलं, दगड तोच आहे, चूक माझी.

त्यांचा तोडगा: दगड संग्रहालयात, विहीर बुजवायची, रस्ता सरळ. क्षणभर मलाही मोह झाला. काचेमागे छान दिसला असता, खाली पाटीवर माझं नाव. हिराबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "राखणदार हाय त्यो. गाव सोडून कुठं जाईल?"

मंगळ. १८
सुधारित अहवाल दिला. शिफारस: रस्ता विहिरीच्या पलीकडून न्यावा, दगड जागेवर राहावा. पहिलं पान तीनदा लिहिलं. "नजरचुकीने" खोडून शेवटी "मी न विचारल्यामुळे" असं घातलं. सुधीरनं वाचलं. "नारायण पेठेत चूक लेखी कबूल करणारी तू पहिलीच. दारावर पाटी लावू?"

बऱ्याच दिवसांनी इतकी गाढ झोपले.

सोम. २४
उत्तर नाही. साहेब म्हणतात, वर पाठवलंय. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही नक्की...

फोटोची प्रत घेऊन हिराबाईंकडे गेले. दगड पुन्हा पालथा, वर ओलं लुगडं. घरात सुनेचं मशिन आहे, पण स्वतःचं लुगडं त्या इथेच धुतात. फोटो बराच वेळ हातात धरला, मग देव्हाऱ्यात ठेवून आल्या.

"रस्ता इथनंच आला तर म्या धुणं कुठं धुवू, बाई?"

अहवाल काढून त्यांना वाचून दाखवला. "सध्याचा वापर" या रकान्यात आता आहे: रोज सकाळी धुणं, त्याआधी हळदकुंकू. त्यांनी मान डोलावली.

जेवायची वेळ झाली. मी जमिनीवर बसून डबा उघडला. हिराबाई हसल्या. "वर बसा की. त्येला सवय हाय."

कडेच्या मातीला बोट टेकवलं, मग वर बसले. त्यांनी भाकरी दिली, मी पराठा. रस्त्याच्या खुणेचे लाल खुंट विहिरीपासून दहा पावलांवर होते, अजून कुणी हलवलेले नाहीत.