इंदू वाटेत असतानाचा केर

अहो,

लग्न झाल्यापासून कधी तुम्हांला नावानं हाक मारली नाही, आता वर गेलात म्हणून थोडीच मारणार आहे! पत्र लिहायला बसले कारण दुसरं काही सुचतच नाही. दुपारचे तीन वाजून गेले, इंदू सकाळच्या गाडीनं यायची होती, अजून तिचा पत्ता नाही. शाळेत जाऊन आले, तर पहारेकऱ्याला काही ठाऊक नाही. आता कुणाशी बोलू? खालच्या मजल्यावरच्या मामींना (इथे सगळ्याच बायका एकमेकींना मामी म्हणतात) सांगावं तर त्या माझ्याआधी रडायला लागतात.

तुमची लेक डोंगरावर गेली आहे. हो हो, इंदूच! झुरळ दिसलं की पाटावर चढून किंचाळायची ती.

शाळेत कवायतीला रेबेका टीचर म्हणून नवीन बाई आल्या आहेत. त्या मोठ्या मुलींना एलगिरीच्या डोंगरावर नेतात. तंबूत झोपायचं, आपला भात आपण शिजवायचा, दोर धरून कडा चढायचा आणि उतरायचा. मुलींनी! आमच्या साताऱ्याला कुणी ऐकलं तर म्हणतील, सरूला मद्रासची हवा बाधली.

इंदू गेल्या वर्षी पहिल्यांदा गेली. तिला पाठवायचं माझ्या मनात मुळीच नव्हतं. पण भावोजी आले आणि म्हणाले, "वहिनी, दोराला लोंबकळणारी पोरगी उद्या कोण करून घेणार?" तुमचा भाऊ आहे म्हणून तोंडावर काही बोलले नाही, पण असा राग आला, असा राग आला की त्याच रागात इंदूला म्हटलं, जा! नाहीतर मी कसली हो म्हणतेय!

तुम्ही असता तर पहिल्या झटक्याला हो म्हणाला असता. कधी कधी राग येतो तुमचा. हो म्हणायचं काम तुमचं होतं, काळजी करायचं माझं. दोन्ही माझ्या गळ्यात टाकून गेलात!

तुम्ही गेलात तेव्हा नऊ वर्षांची होती ती. नंतर वर्गात तिनं तोंड म्हणून उघडलं नाही. शाळेत ती रायरांच्या, म्हणजे तंजावरी मराठ्यांच्या घरची, म्हणून परकी. सुट्टीत साताऱ्याला नेली तर मामेबहिणी तिला मद्राशीण म्हणून चिडवायच्या. तुमचं तंजावरी मराठी ऐकून माझ्या वहिन्यांनी तोंडात पदर कोंबला होता, आठवतं ना? तुम्ही त्यांच्याबरोबर हसलात. तिला नाही हो हसता आलं. एकदा वेणी घालताना विचारलं तिनं, "अम्मा, आपण कुठले?" तुम्ही तंजावरचे, मी साताऱ्याची, आणि ती? मी नुसती वेणी घट्ट ओढली.

गेल्या वर्षी डोंगरावरून आली ती कोपरं सोलून, उन्हानं काळवंडून, आणि बोलत! जेवताना बोलतेय, पाणी भरताना बोलतेय. पहिल्या दिवशी दोरावरून उतरताना भीतीनं तिची सगळी तमिळ पळाली म्हणे. "हळू! हळू!" असं मराठीतच ओरडली. बाकीच्या पोरी पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्याच एकमेकींना ओरडून सांगताहेत, हळू, हळू! तेव्हापासून आमच्या जिन्याखाली रोज हाका असतात. ही "आम्ही" म्हणायला लागली आहे. आम्ही असं करणार, आम्ही तिकडे जाणार. अहो, आधी हिच्या तोंडी "मी"सुद्धा नसायचं!

आनंद व्हायला हवा ना? होतो. मग भीती कसली? कड्याची धास्ती आहेच. पण तिला माझी गरज उरली नाही तर, ही त्याहून मोठी. इतकी वर्षं ती माझ्या पदराला धरून चालली. आता मीच तिच्या वाटेकडे बघत बसते.

आणि केराचं सांगते, हसू नका. माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढू नये. तुमच्या घरात आणि माझ्या माहेरी एकमत झालेली ही एकच गोष्ट! लोक आपले माणूस गल्लीबाहेर पडेपर्यंत थांबतात. मी मात्र गेल्या वर्षी इंदू परत येईपर्यंत थांबले, आणि आताही ती गेली तेव्हापासून झाडूला हात लावलेला नाही. पायाखाली कचकच लागतेय, कोपऱ्यांत पुंजके जमलेत. खालच्या मामी वर आल्या, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "मामी, तब्येत बरी नाही का?"

तुमच्या वेळी मी सगळं रीतसर केलं होतं हो! तुम्ही बेझवाड्याला दौऱ्यावर निघालात, हातावर दही घातलं, मागून हाक मारली नाही, दिवे लागेपर्यंत केर काढला नाही. तरी तुमच्याऐवजी तारवालाच आला. मग या सगळ्याचा उपयोग काय? सांगा ना! उपयोग नाही हे कळतं, पण काढवत नाही. अजून सायकलची घंटा वाजली की मी खिडकीपासून मागे सरते.

थांबा. जिन्यावर पोरींचे आवाज येताहेत.

पुन्हा बसलेय.

तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, कमला आणि झुलेखा. पाठीवर पिशव्या, अंगभर धूळ. मी त्यांच्या मागं इंदूला शोधत राहिले. जिना रिकामा! भिंत धरायला गेले तर कमलानं दंड धरला आणि म्हणाली, "हळू, मामी, हळू!" मराठीत, अगदी इंदूच्या सुरात.

इंदू सुखरूप आहे. आधी ते सांगायला हवं होतं, बघा! उतरताना वसंता नावाच्या मुलीचा पाय मुरगळला, म्हणून सगळ्यांची गाडी चुकली. तिला जोलारपेटच्या दवाखान्यात ठेवलंय. ती रडत होती, इंदूचा हात सोडेना. तेव्हा टीचर आणि इंदू तिच्याजवळ थांबल्यात, उद्या सकाळी येतील. बाकीच्या मुली दुपारच्या गाडीनं आल्या.

टीचर मला तार करायला निघाल्या होत्या. इंदूनं अडवलं. टीचरला, अहो! म्हणाली, "तार नको. तारवाला दिसला तर अम्मा तार फोडायच्या आधीच कोसळेल." मग या दोघींना बजावलं, "आधी माझ्या घरी जा, मग तुमच्या."

मला वाटायचं, तिला काय कळतंय त्या दिवसाचं, लहान होती.

त्यांना बसवून उप्पीट दिलं. खाता खाता झुलेखा म्हणाली, "मामी, वर दोर इंदूनं धरला असेल तर आम्ही खाली बघतच नाही." कोणाबद्दल बोलतेय ही? माझ्या इंदूबद्दल?

निघताना कमला दारात घुटमळली. तिची नजर कोपऱ्यातल्या पुंजक्यावर. म्हणाली, "मामी, इंदूनं अजून एक निरोप दिलाय. म्हणाली, अम्माला सांग, घर झाडून घे. मी येतेच आहे."

म्हणजे गेल्या वर्षीही तिनं पाहिलं होतं! एका शब्दानं बोलली नव्हती. मी तिची काळजी करत होते, आणि ही पोरगी तिकडे डोंगरावर बसून माझी!

पुढच्या वर्षी निलगिरीला जायचं म्हणतात, जास्त दिवसांसाठी. भावोजी येतील, बोलतील, बोलू देत. मला भीती वाटणारच, ती काही जायची नाही. हातावर दहीही मी घालणारच, तेवढं सोडायला सांगू नका. पण तुम्हांला शब्द देते, या वेळी रागानं नाही, मनापासून जा म्हणेन.

आणि आज, दिवेलागणीला अजून वेळ आहे. इंदू अजून वाटेतच आहे. तरी हे पत्र मिटते आणि उठून केर काढते.

तुमचीच,
सरू