पुलाच्या अलीकडे बांधलेली दोरी

मी, मुराओ तोयोसाकु, वय एकोणऐंशी, धंदा लाकडी पिंपं आणि बालद्या बांधणे, राहणार ओनोदानी वाडी, शिमाने, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिहिताना मी पूर्ण शुद्धीवर आहे. अंगात ताप नाही, पोटात दारू नाही, आणि मानगुटीवर कोणी बसलेलं नाही. अक्षर वाईट आहे, पण ते लहानपणापासून तसंच आहे. त्यावरून कोणी शंका काढू नये.

कलम १. राहतं घर, मागचं आवार आणि टपाल खात्यातली शिल्लक माझा मुलगा ताकेओ याला मिळावी. तो ओसाकाला रेल्वेत आहे आणि इथल्या बर्फाला शिव्या घालतो, तेव्हा तो इथे राहायला येईल अशी आशा मी कधीच सोडली आहे. घर विकलं तरी माझी हरकत नाही. फक्त त्याच्या आईच्या नावाची स्मृतिपाटी देवघरातून काढून आधी स्वतःकडे न्यावी, मग गिऱ्हाईक शोधावं.

कलम २. माझी हत्यारं, म्हणजे तीन रंधे, दोन मुठींची वाकडी सुरी आणि बांबूचे पट्टे ठोकायची मोगरी, खालच्या गावचे न्हावी हिगुचि यांना द्यावीत. त्यांना सुतारकाम येत नाही. पण धार लावलेल्या वस्तूची किंमत त्यांना कळते, आणि चाळीस वर्षं त्यांनी माझी हजामत करताना एकदाही गावच्या चुगल्या सांगितल्या नाहीत.

कलम ३. कानाए घराण्याने सोयाबीनचा मिसो मुरवायला नेलेलं माझं मोठं पिंप कधीच परत केलं नाही. ते मागू नये. मात्र त्या पिंपाचा तळ मी घाईत बसवला होता, हे त्यांना आता कळायला हरकत नाही.

कलम ४. हे कलम मालमत्तेचं नाही. ते लिहायला मला एकोणचाळीस वर्षं लागली.

शोवा ३१, म्हणजे १९५६ साली गावाचं सामाईक रान लाकूड कंपनीला विकायचं ठरलं. अकराही घरांचे संमतीचे शिक्के लागत होते. दहा घरांनी उठवले. पुलापलीकडचे कोळसा पाडणारे साकोदा तोकुजी यांनी उठवला नाही. "रान गेलं तर पोरं जाळतील काय, शिक्का?" असं ते भर बैठकीत म्हणाले. सौदा मोडला आणि त्यांचं घर वाळीत पडलं. आमच्याकडे वाळीत टाकलं की दहापैकी आठ व्यवहार बंद होतात. आग आणि मर्तिक हे दोनच चालू राहतात, कारण आग पसरते आणि प्रेत कुजतं. दयेचा त्यात काही संबंध नाही. प्रस्ताव गावप्रमुख कानाए गेन्नोसुके यांचा होता. हात मी वर केला, दुसऱ्या कोणी माझा धरून केला नव्हता.

गावात निरोपाची पाटी घरोघर फिरते. वाचायचं, शिक्का उठवायचा, शेजारच्या घरी द्यायची. माझ्यानंतर साकोदांचं घर. वाळीत टाकल्यावर मी पाटी त्यांना न देता परत कानाएंकडे नेऊ लागलो.

दोन वर्षांनी, शोवा ३३ च्या नोव्हेंबरात पाटीवर निरोप आला: पुलाच्या सगळ्या फळ्या काढून नव्या घालायच्या आहेत, दोन दिवस पुलावरून कोणी जाऊ नये. मी पाटी बगलेत घेऊन पुलापर्यंत गेलो. पलीकडच्या काठावर तोकुजींची बायको शिनो गवत कापत होती. तिने वर पाहिलं. ओहोळ खोल घळीतला, पण एवढा अरुंद की एक हाक पुरली असती. पाटीवर त्यांचा शिक्का उमटू नये हे खरं, पण हाकेला कुठे शिक्का लागतो? ती विळा खाली ठेवून उभी राहिली, म्हणजे मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असणार. मी पाठ फिरवली. मागे कानाएंचा भाऊ रस्त्यात होता आणि मला त्याची भीती वाटली. एवढंच कारण आहे. याहून मोठं शोधलं, सापडलं नाही.

तीन दिवसांनी फळ्या काढल्या. दोरी मीच बांधली, अलीकडच्या टोकाला. "पलीकडे पण बांधू का?" मी विचारलं. कानाए म्हणाले, "तिकडे कोण राहतंय?" सगळे हसले. मीही हसलो.

तोकुजी चार दिवस वर डोंगरात भट्टीवर होते. शिनोच्या घरातून पूल दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात ते पाठीवर कोळशाची पोती घेऊन भट्टीवरून थेट पुलावर आले.

पोलिसांना दहा घरांनी एकच सांगितलं: दारू प्यायला होता. मीही सांगितलं. तोकुजी नववर्षाच्या एका घोटापलीकडे दारूला शिवत नसत, हे दहाही घरांना ठाऊक होतं.

मर्तिक हा बंद नसलेला व्यवहार, म्हणून सगळे गेलो. मढ्याला गुडघे दुमडून बसवायची गोल पेटी मी रात्रीतून बांधली. शिनो आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचा, फुमिएचा हात धरून आमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आज बोललेलं चालतं ना? मग बोला. फळ्या काढणार हे कुणाकुणाला माहीत होतं?" ती माझ्याकडे वळली. "मुराओसान, तुम्ही पुलापाशी आला होतात. काय सांगायला?"

मी म्हणालो, "देवदाराची पेटी आहे. लाकूड चांगलं आहे."

दुसऱ्या दिवसापासून व्यवहार पुन्हा बंद. फुमिए शाळेत 'दारुड्याची पोर' म्हणून वाढली आणि पंधराव्या वर्षी गाव सोडून गेली. आईला भेटायला येते तेव्हाही ती डोंगरापलीकडच्या वाटेने येते.

कलम ५. गावातली उरलेली सातही घरं माझ्या मर्तिकाला येतील, आणि प्रेत उठेपर्यंत कोणाला जाता येणार नाही. म्हणून प्रेत उचलण्याआधी भिक्खू र्योएन यांनी कलम ४ सर्वांसमोर वाचावं.

कलम ६. पाटाखालचं भातशेत साकोदा शिनो यांना द्यावं.

कलम ७. वरची कलमं लिहून झाल्यावर, या महिन्याच्या चौदा तारखेला, मी पूल ओलांडून शिनो यांच्याकडे गेलो. त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. पायरीवर बसून मुळे धूत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच कलम ४ ते ६ वाचून दाखवली.

"शेत नको," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेतातला भात माझ्या घशाखाली उतरेल असं वाटलं तरी कसं तुम्हाला?"

मग पुढचा मुळा धुवायला घेतला. मी निघणार तेवढ्यात म्हणाल्या, "आणि हे वाचणार कधी? तुम्ही मेल्यावर? छान सोय केलीत. लोक तोंडं वाकडी करतील तेव्हा तुम्ही पेटीत आरामात. तेव्हाही पाठ, आताही पाठ."

मी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"बैठक केव्हा असते हल्ली?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तेवीस तारखेला, रविवारी. "मी येईन. मला कमी ऐकू येतं. मोठ्यानं वाचा."

सबब कलम ५ आणि कलम ६ मी याद्वारे रद्द करत आहे. भातशेतही ताकेओकडे जावं. कलम ४ मी स्वतः, जिवंतपणी, येत्या रविवारी सभागृहात सातही घरांसमोर आणि साकोदा शिनो यांच्यासमोर वाचेन. त्यानंतर गावाला माझ्याशी जे व्यवहार बंद करायचे ते त्यांनी करावेत. मी तक्रार करणार नाही आणि ताकेओनेही करू नये.

मला घाबरायची सवय आहे हे वर आलंच आहे. म्हणून साक्षीदारांना विनंती की, त्यांनी बैठकीला यावं आणि एकाने दाराशी बसावं. मी उठून जाऊ लागलो तर मला धरून बसवावं. आवाज फुटेनासा झाला तर पाणी द्यावं आणि थांबावं. माझ्या हातातून कागद घेऊन दुसऱ्या कोणी वाचू नये, मग कितीही वेळ लागो.

हे सर्व मी वाचून, समजून लिहिलं आहे, आणि खाली दोघांदेखत सही करून शिक्का उठवला आहे.

मुराओ तोयोसाकु (सही, शिक्का)

साक्षीदार:
१. भिक्खू र्योएन, ओनोदानी येथील मंदिर (सही, शिक्का)
२. हिगुचि सेइइचि, केशकर्तन (सही, शिक्का). दाराशी मी बसेन.

ठिकाण: ओनोदानी
दिनांक: हेइसेइ ९ (१९९७), नोव्हेंबर १९