भाडं घेतलं की विमा बुडाला

चौसाळा, जिल्हा बीड
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८५९

प्रिय वत्सा,

तुझं पत्र पोचलं. चार ओळींत तीन वेळा मोटारीचं विचारलंयस, म्हणजे सासूबाई शेजारी बसून असणार. उत्तर द्यायचं काम खरं तर तुझ्या दादांचं, वहिनीचं नाही. पण ते सकाळपासून गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत बसलेत. पोळा होऊन तीन महिने झाले, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तोंड लपवायला माणसाला कुठंतरी जागा लागते.

तर सरळच सांगते. मोटार येणार नाही. ती मोडली. तिचा विमा होता, तो मिळाला नाही. आता ती चिंचेखाली उभी आहे आणि तिच्या मागच्या गादीवर एक कोंबडी अंडी उबवत बसली आहे. पण रडायला लागू नकोस. तुला बाळंतपणाला इथं आणायचं म्हणजे आणायचंच. कसं ते सांगते, पण आधी हे सगळं ऐकून घे. नाहीतर माजलगावच्या बाजारात तुला कोणीतरी अर्धंच सांगेल, आणि तेही चुकीचं.

सासूबाईंनी अट घातली आहे, सून धाडीन तर मोटारीतूनच, बैलगाडीतून नाही. लोकांना वाटतं विहीणबाईंचा तोरा आहे. तोरा नाही, मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला गाडीत तुझ्या उशाशी मीच होते. पाचवा महिना, ती खडीची वाट, तो एकेक हिसका, आणि नेकनूरच्या अलीकडे तू माझा हात दाबलास. बाळ वाटेतच गेलं. अजून गाडीचं चाक वाजलं की मी दार लावून घेते. तुझ्या दादांनी त्या दिवशी बैलांना शिव्या दिल्या, वाटेला दिल्या, निजामाच्या बांधकाम खात्याला दिल्या, आणि मग वर्षभराने नदीकडचा मळा विकून हैदराबादेहून जुनी अमेरिकन मोटार आणली. गाव म्हणालं, भगवानरावांना शौक लागला. शौक कसला! मोटारीतून उतरल्यावर पहिलं वाक्य मला म्हणाले ते असं, की "आता वत्सीला एक धक्का लागणार न्हाई." त्या वेळी तुला दिवसही गेले नव्हते.

मोटारीबरोबर विमा आला. माणसांचा विमा ऐकला होता, मोटारीचा नव्हता. विम्याचा एजंट आमच्या ओट्यावर बसून तुझ्या दादांना समजावून गेला. मोटार मोडली तर दुरुस्तीचा खर्च कंपनी देणार. पण ही मोटार खाजगी. घरच्यांनी बसावं, पाहुण्यांनी बसावं, फुकट बसणाऱ्या कोणीही बसावं. भाडं किंवा भाड्याच्या बदल्यात काहीही घेऊन कोणाला बसवलं, की विमा बाद. भाड्याच्या मोटारीचा विमा वेगळा, आणि त्याचा हप्ता तिप्पट. तुझे दादा छातीवर हात ठेवून म्हणाले, "पाटलाच्या घरात भाडं? लाज न्हाई का आमाला?" एजंटाने चहा घेतला आणि कागद करून दिला.

त्यांनी भाडं कधी मागितलं नाही, हे मी देवासमोर सांगेन. पण आपली माणसं तुला ठाऊक आहेत ना? बाजाराच्या दिवशी बीडला जाताना पहिल्यांदा आश्रुबाला बसवलं. खालच्या आळीचा आश्रुबा, तोच, ज्याच्या शेतात तू लहानपणी हरभरा चोरायचीस. तो उतरताना दादांच्या सदऱ्याच्या खिशात सुपारी घालून गेला. दुसऱ्या बाजाराला भाजीवाली छबुबाई बसली. तिने दोन गड्डे कोबी पायाशी ठेवले आणि म्हणाली, "फुकट बसाया मी काय भिकारीन हाय?" मग गूळ आला, पायलीभर ज्वारी आली, कोणी आणे आणून सीटवर ठेवू लागलं. नको म्हटलं तर माणसं रागवायची. आणि मोटार काही कडबा खात नव्हती, तिला पेट्रोल लागायचं. शेवटी तुझ्या दादांनी एक युक्ती काढली. पुढच्या खुंटीला एक रिकामा डबा टांगला आणि माणसं उतरायला लागली की ते तोंड फिरवून डोंगराकडे बघायचे. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "मी पाह्यलं न्हाई म्हंजे घेतलं न्हाई." असा वकील हायकोर्टातही मिळायचा नाही.

भाद्रपदापर्यंत बाजाराच्या दिवशी मोटारीत चौदा माणसं बसू लागली. बसू लागली म्हणजे काही बसली, काही लोंबकळली. त्यात उत्तरेश्वर हमखास. त्याला बाजारात काही विकायचं नसतं, काही घ्यायचं नसतं, पण जायचं असतं. डब्यात त्याने कधी काही टाकलं नाही. डब्यावर हात नेऊन खडखड वाजवायचा फक्त.

मग तो बाजार आला. आश्रुबाकडे त्या दिवशी पैसे नव्हते, म्हणून त्याने कोंबडी आणली. तुझ्या दादांच्या गळ्यात माळ, आमच्याकडे कोंबडी घेऊन करायचं काय? पण आश्रुबा ऐकतो होय! पाय न बांधताच त्याने ती टोपलीत घातली आणि टोपली पुढच्या सीटवर ठेवून दिली. मांजरसुंब्याचा घाट उतरताना भोंगा वाजला, कोंबडी बिथरली, उडाली ती थेट तुझ्या दादांच्या पागोट्यावर. त्यांनी दोन्ही हातांनी पागोटं धरलं. मोटार कोणी धरायची? ती वाट सोडून बांधावरून गेली आणि एका बाभळीला जाऊन भिडली. देवाची कृपा, ज्वारीचं रान मऊ होतं. कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मोटारीचं तोंड मात्र चेपलं, पुढचा दांडा वाकला, आणि एक चाक घरंगळत गेलं ते पालीच्या शिवारात सापडलं. सगळे उठले, अंग झटकलं आणि आधी कोंबडी धरायला धावले.

कंपनीला कळवलं. हैदराबादेहून चौकशीसाहेब येणार असं उत्तर आलं. तुझे दादा त्या रात्री जेवले नाहीत. तू चार महिन्यांची गरोदर असल्याचा निरोप त्याच आठवड्यात आला होता गं. मोटार दुरुस्त झाली पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात. मग त्यांनी चौदाही जणांना पारावर बोलावलं आणि शिकवलं, साहेब विचारील तर सांगायचं, आम्ही भगवानरावांचे पाहुणे, सोयरे, नात्यातले. सगळे आनंदाने कबूल झाले. नाती वाटून घेण्यात मात्र दुपार गेली. मामा व्हायला सगळे तयार, मेव्हणा व्हायला एकही नाही. शेवटी नऊ मामा झाले, आश्रुबा थोरला. छबुबाई मावशी. तिला म्हटलं, खोटं बोलायला जमेल का? म्हणाली, "खोटं कावून? गावातली निम्मी पोरं माझ्या हातावर झाली. मावशी हायच की मी." उत्तरेश्वरला चुलता केलं, तर तो लगेच जमिनीच्या वाटणीचं बोलू लागला.

साहेब आले. किडकिडीत माणूस, टांग्यात हाडं खिळखिळी झालेली, पण बोलणं गोड, दोन शब्द मराठी तर एक उर्दू. चावडीपुढे सतरंजी घातली. सगळा गाव लोटला. मी दाराआडून ऐकत होते. एकेक जण उठे आणि नातं सांगे. साहेब मान डोलवत, लिहून घेत. नऊ मामा झाल्यावर त्यांनी तुझ्या दादांकडे कौतुकाने पाहून म्हटलं, आपलं आजोळ फार मोठं आहे. तुझे दादा घामाघूम. पण सगळं नीट पार पडलं. साहेबांनी दौतीचं झाकणसुद्धा लावलं. आणि उठता उठता, अगदी सहज, सगळ्यांकडे बघून म्हणाले, "म्हणजे आपण सगळे फुकट बसलात तर."

वत्सा, एवढं म्हणायला नको होतं. सगळ्या गावादेखत, बायकापोरांसमोर, फुकट! पहिली छबुबाई उठली. "कोन म्हंतंय फुकट? धा बाजार कोबी दिली म्या! इचारा की भगवानरावाला!" तुझ्या दादांनी डोळ्यांनी खूप खुणावलं, पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिच्यामागून गूळवाला उठला, ज्वारीवाला उठला. ज्याने आणा दिला होता तो दोन आणे सांगू लागला. नऊच्या नऊ मामा भांडायला उठले, की कोणी जास्त दिलं. आश्रुबा तर सतरंजीवर येऊन उभा राहिला. "सायेब, ज्या कोंबडीपायी मोटार पडली ना, ती माझी. भाड्यात दिलती. फुकट्या म्हनू नका." आणि सगळ्यांत वर आवाज कोणाचा? उत्तरेश्वरचा! ज्याने जन्मात डब्यात छदाम टाकला नाही, तो म्हणे मी दर खेपेला दुप्पट देत होतो.

साहेबांनी दौतीचं झाकण पुन्हा काढलं. जाताना त्यांनाही वाईट वाटलं असावं. तुझ्या दादांचा हात धरून म्हणाले, "पाटीलसाहब, चौदांत एक जरी फुकट्या निघाला असता, तर काही बोलता आलं असतं." पंधरवड्याने कागद आला. विमा नामंजूर.

त्यानंतर तुझे दादा आठ दिवस चिंचेखाली त्या मोटारीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसायचे. रागावले म्हणशील तर तेही नाही. एकदाच मला म्हणाले, मळाही गेला, मोटारही गेली, आणि वत्सी तिकडंच राहिली. मला फार वाईट वाटलं. एरवी हसण्यावारी नेणारी मी, त्या दिवशी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

आणि मग परवा संध्याकाळी दारात ही गर्दी! आश्रुबा पुढे, मागे सगळे मामा, छबुबाई, उत्तरेश्वर. मला वाटलं माफी मागायला आले. माफी कसली? आश्रुबा म्हणाला, "सायबाम्होरं आमी मामा झालो का न्हाई? सरकारी कागदावर नाव हाय. मग भाची बाळंतपनाला यायची तर मामानं काय बांधावर बसून बघायचं?" देवळाच्या ओवरीत वर्षानुवर्षं पडलेला मेणा त्यांनी धुऊन, दोऱ्या बदलून, नवा दांडा घालून आणला होता. गाडीचे हिसके नकोत ना? मग चाकच नको. आळीपाळीने खांद्यावर आणायची, माजलगाव ते चौसाळा, वाटेत मुक्काम करत. तुझ्या दादांनी मजुरी विचारली. आश्रुबाने कानाला हात लावला. "पैसं घेतलं की भाडं झालं, मालक. भाडं झालं की इमा बुडला. आता आमाला बी कायदा कळतो." तुझे दादा हसले गं. किती दिवसांनी हसले, आणि हसता हसता उपरण्याने डोळे पुसले.

तेव्हापासून गावात तालीम चालू आहे. मेण्यात मला बसवतात, मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला लोटा. मी काही हलकी नाही, तू जाणतेसच. पहिल्या दिवशी वेशीपर्यंत जाता जाता लोटा रिकामा आणि मी चिंब. चुलता उत्तरेश्वर पुढे चालून ताल धरतो, खांदा कोणाला देत नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा लोटा उरला. काल ओढा उतरून पलीकडच्या खंडोबाच्या माळापर्यंत नेलं आणि परत आणलं. थेंब सांडला नाही. मला मध्येच डुलकी लागली.

आता एक गोष्ट. तुमच्याकडे पत्र जावई त्रिंबकराव मोठ्याने वाचतात आणि सासूबाई माजघराच्या दाराशी बसून ऐकतात, हे मला माहीत आहे. म्हणून वत्सा, नाव तुझं घातलं, पण हे पत्र लिहिलं आहे त्यांच्यासाठी. विहीणबाई, तुमच्या अटीप्रमाणे मोटार आम्हाला आणता आली नाही. तुमची भीती ती माझी भीती आहे, म्हणून गाडी जुंपून पाठवणार नाही. पौर्णिमेला इथून मेणा निघेल. त्यात छबुबाई बसेल, हातात आमच्या विहिरीच्या पाण्याचा लोटा असेल, काठोकाठ. तुमच्या दाराशी मेणा उतरला की आधी लोटा बघा. सांडला असेल तर मेणा रिकामाच परत धाडा, आम्ही एक शब्द बोलणार नाही. भरलेला असेल तर ते माहेरचं पाणी पोरीला प्यायला द्या आणि तिला आमच्या स्वाधीन करा. वाटेत कुठे पुन्हा भरून घेतला असेल अशी शंका आली, तर छबुबाईला विचारा. तिला खोटं बोलता येत नाही, हे आम्हाला एक मोटार घालवून कळलं आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
सुभद्रावहिनी